पट्टा कुणाच्या मालकीचा, ते आधी बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एमएमए म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्समधली दोन विजेत्यांची लढत बारगळली की आपल्या क्रीडा पानासकट सगळीकडे एकच निदान होते : अमका घाबरला, तमक्याने पाठ दाखवली. ही कुस्तीची सवय. २०२३च्या नोव्हेंबरात संघटनेतल्या भांडणापायी महाराष्ट्र केसरीचे दोन आखाडे भरले, एक धाराशिवला आणि एक फुलगावला. तरी शिवराज राक्षे दोन्हीकडे अंतिम कुस्ती खेळला. यूएफसी आणि पीएफएल या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या खासगी कंपन्या. यूएफसीचा विजेता असा पीएफएलच्या पिंजऱ्यात जाऊ शकत नाही. तिथे विजेत्याचा पट्टा कंपनीचा असतो आणि करार असेपर्यंत लढवय्याही तिचाच.

या करारात लढतींची संख्या आणि मुदत, दोन्ही ठरलेल्या असतात. दुखापत झाली किंवा दिलेली लढत नाकारली, तर मुदत पुढे सरकते. किताब जिंकला की करार आपोआप लांबतो. म्हणजे बाहेरच्या विजेत्याशी लढण्याइतके नाव होते, नेमके तेव्हाच बाहेरचे दार बंद होते. यूएफसीचा हेवीवेट विजेता फ्रान्सिस एनगानूने जानेवारी २०२२मध्ये सिरिल गानला हरवले, गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि वर्षअखेरपर्यंत थांबून करार संपू दिला. पुढच्या जानेवारीत यूएफसीने त्याचा किताब काढून घेतला, मार्चमध्ये जॉन जोन्सने तो गानला हरवून मिळवला आणि ऑक्टोबरात एनगानू रियाधमध्ये बॉक्सर टायसन फ्युरीशी बॉक्सिंग खेळत होता. जोन्स-एनगानू लढत राहिली ती राहिलीच. यात कोण कुणाला घाबरले?

सगळ्यात बोलके उदाहरण मात्र जुने आहे. चक लिडेल यूएफसीचा विजेता, वांडरले सिल्व्हा जपानच्या प्राइड या कंपनीचा, वजनही जुळणारे. जुलै २००६मध्ये यूएफसीने सिल्व्हाला थेट पिंजऱ्यात आणून ही लढत जाहीरसुद्धा केली. पण मालक दोन होते. लढत झाली नाही. सप्टेंबरात सिल्व्हाला मिर्को क्रो कॉपने झोपवले, फेब्रुवारी २००७मध्ये डॅन हेंडरसनने त्याचा किताब नेला. मार्चमध्ये यूएफसीच्या मालकांनी प्राइडच विकत घेतली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. पण मे महिन्यात लिडेलही क्विंटन जॅक्सनकडून हरला. डिसेंबर २००७मध्ये दोघे अखेर समोरासमोर आले, तेव्हा एकाच्याही कमरेला पट्टा नव्हता आणि दोघेही आपापल्या आधीच्या दोन लढती हरलेले होते. लढत झकास झाली, लिडेल गुणांवर जिंकला. पण ती दीड वर्ष शिळी होती. २००९मध्ये रशियन हेवीवेट फेडोर एमेलियानेन्कोची यूएफसीशी बोलणी फिसकटली, तीही मालकीवरूनच : त्याच्या एम-१ कंपनीला आयोजनात भागीदारी हवी होती, यूएफसीला भागीदार नको होता. तुल्यबळ छोट्या कंपन्यांचे मात्र आपसांत जमते. ३१ डिसेंबर २०२२ला जपानमधल्या सैतामात अमेरिकेच्या बेलाटर आणि जपानच्या रिझिन या कंपन्यांचे लढवय्ये एकमेकांशी लढले, त्यात दोघांचे फेदरवेट विजेतेही होते.

एकाच कंपनीतले दोन विजेतेही सहसा भिडत नाहीत, कारण तिथे हिशेब आडवा येतो. मोठ्या कार्यक्रमाला शेवटची लढत किताबाची लागते. दोन विजेते वेगवेगळ्या रात्री लढवले तर दोन कार्यक्रम उभे राहतात. एकमेकांवर घातले तर एकच, वर एक वजनगट कित्येक महिने अडकून बसतो आणि त्या गटातले आव्हानवीर ताटकळतात. पूर्वी पे-पर-व्ह्यूची (त्या एका कार्यक्रमासाठी वेगळे पैसे भरून घरी बघण्याची) जादा विक्री हा तोटा भरून काढायची. कॉनर मॅकग्रेगर-एडी अल्वारेझ ही २०१६ची लढत त्याच गणितावर झाली. आता यूएफसीचा पॅरामाउंट या प्रसारण कंपनीशी २०२६पासूनचा सात वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा करार झाला आहे. पैसे ठरलेले आणि अमेरिकेत पे-पर-व्ह्यूची वेगळी विक्री नाही. मग दोन पट्टे एका रात्रीत कशाला खर्ची घालायचे, असे आयोजकाला वाटले तर नवल नाही.

वजनाची अडचण खरी असते, पण सबब म्हणूनही ती फार सोयीची. वेल्टरवेट १७० पौंड म्हणजे सुमारे ७७ किलो, मिडलवेट १८५ म्हणजे ८४ किलो. साध्या लढतीत काट्यावर एक पौंडाची सवलत मिळते, किताबाच्या लढतीत तीही नाही. वर जाणाऱ्याने महिनोन्‌महिने अंग भरायचे आणि हरला तर तेच अंग पुन्हा उतरवायचे. वेल्टरवेट विजेता जॉर्ज सेंट पिएर आणि मिडलवेट विजेता अँडरसन सिल्व्हा यांच्या लढतीची चर्चा याच १५ पौंडांत वर्षानुवर्षे अडकली आणि जुलै २०१३मध्ये अँडरसन सिल्व्हा किताब गमावून बसला.

जोन्स आणि टॉम अ‍ॅस्पिनॉलच्या बाबतीत मात्र ‘टाळाटाळ’ म्हणायला आमची हरकत नाही. वजनगट एक, कंपनी एक. अ‍ॅस्पिनॉल नोव्हेंबर २०२३पासून हंगामी, म्हणजे मुख्य विजेता उपलब्ध नसताना ठरवलेला, विजेता होता. जोन्स मात्र त्याच्याऐवजी वर्षाने ४२ वर्षांच्या स्टीपे मियोचिचशी लढला आणि जून २०२५मध्ये निवृत्त झाला. बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीसीसारखी किताब देणारी स्वतंत्र संस्था ठरलेल्या आव्हानवीराशी लढ, नाहीतर किताब सोड, असे सांगू शकते. तिथेही सूट आणि सवलती चालतातच. मेवेदर-पॅकिआव लढतीची बोलणी २००९ला सुरू झाली आणि लढत झाली मे २०१५मध्ये. पण एचबीओ आणि शोटाइम या कट्टर प्रतिस्पर्धी वाहिन्यांनी ती मिळून दाखवली. अमेरिकेतला २०००चा मुहम्मद अली कायदा बॉक्सरला आयोजकाच्या जाचक करारांपासून थोडेफार संरक्षण देतो. तो एमएमएला लागू नाही.

तेव्हा ‘बोलणी सुरू’ अशी बातमी पुढच्या वेळी छापताना बातमीदाराने चार गोष्टी विचाराव्यात : दोघांचे करार कुणाशी आहेत, त्यात किती लढती उरल्या, लढत किती पौंडांवर, आणि तारीख व सभागृह ठरले का. चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर बातमी आतल्या पानावर, एका परिच्छेदात पुरे.

आपले,
एमएमएचे काही नियमित प्रेक्षक, कोल्हापूर