बरणीतलं पेट्रोल

इस्लामपूर, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून नुसतं हूं हूं केलं. टेम्पोला पाण्यावरचं किट बसवायचं म्हणतोस, बारा हजारांत; तेच, वीज सोडून पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि इंजिनात सोडायचा. लेका, हेच किट आपण २००८ साली फुकटात केलं होतं की!

आईची लोणच्याची काचेची बरणी, आत स्टीलच्या दोन पट्ट्या, झाकणातून नळी थेट माझ्या गाडीच्या एअर फिल्टरला. आणि कॅरियरवर दोरीनं आवळलेली तुमच्या ट्रॅक्टरची बॅटरी. पहिल्या दिवशी तू मूठभर मीठ टाकलंस आणि शेडमध्ये क्लोरीनचा असा वास सुटला की दोघंही खोकत बाहेर. मग मिठाऐवजी कॉस्टिक सोडा आणला. आठवड्यात पाण्याचा चहा झाला, तळाशी चिखल. एकदा गाडीनं बॅकफायर मारला, ज्योत नळीतून उलटी बरणीत गेली आणि झाकण वर पत्र्यावर आदळलं. मधे पाण्याची एक बाटली ठेवली की ज्योत तिथंच विझते, हे आपल्याला नंतर कळलं. पत्र्याचा पोचा अजून तसाच आहे.

पण ॲव्हरेज ५२ चं ६१ झालं, आणि तू गल्लीत पेढे वाटलेस.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगतो. तू पुण्याला गेल्यावर मी बॅटरीची वायर काढली. बरणी, नळी सगळं जागेवर, फक्त करंट नाही. टाकी बंद करून बाटली लावली, १०० मिली पेट्रोल मोजून घातलं आणि त्याच ताकारीच्या रस्त्यानं गेलो. हिशेब आला ६० चा. तीनदा केलं. बरणी लावायच्या आधी आपण कार्बोरेटर धुतला होता, टॅपेट सेट केले होते, आणि बरणी फुटेल या भीतीनं चाळीसच्या वर जात नव्हतो. तू पेढे वाटून बसलेला, म्हणून गप्प राहिलो.

काल रात्री आकडेमोडही केली. एका जोडीच्या पट्ट्यांतून दहा अँपिअर तासभर सोडले तर हायड्रोजन निघतो साडेचार लिटर. ऐकायला भरपूर वाटतं, पण जाळला तर जेमतेम दीड मिली पेट्रोलाएवढी उष्णता, म्हणजे बाटलीच्या झाकणातही तळाला राहील. त्यासाठी बॅटरीतून गेली त्याच्या नऊ-दहा पट ऊर्जा. बाकीची कुठं गेली? बरणी तापून हात लावू देत नव्हती ना, तिथं. आणि आपण निदान ट्रॅक्टरची बॅटरी वाहून नेत होतो. टेम्पोत वीज अल्टरनेटर देणार, आणि तो फिरतो तुझ्याच डिझेलवर.

पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन, गड्या. चुलीतल्या राखेचं पुन्हा सरपण करायचं तर जळताना निघाली तेवढी ऊर्जा तरी परत घालावी लागते.

किटवाला तुला त्या अमेरिकेतल्या स्टॅनली मेयरचं नाव सांगेल, पाण्यावर बग्गी चालवणारा. १९९६ मध्ये ओहायोच्या कोर्टात तज्ज्ञांनी त्याचा सेल, म्हणजे त्याची बरणीच, तपासला, तर साधं इलेक्ट्रोलिसिस निघालं, आपल्यासारखंच वीज सोडून पाणी फोडणं. गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. आपल्याकडं त्याच वर्षी तमिळनाडूच्या रामर पिल्लैनं पाण्यात पाला उकळून पेट्रोल काढून दाखवलं होतं. २०१६ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

इंजिनात पाणी अगदीच निरुपयोगी असतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं जास्त ताकद लागली की इंजिनात पाणी आणि मेथेनॉल फवारायची. पण ते नॉकिंग, म्हणजे इंजिनातली ठोकठोक थांबवायला, आतला ताप उतरवायला. जळायचं ते पेट्रोल आणि थोडं मेथेनॉल, पाणी नव्हे.

बारा हजार जवळ ठेव. पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन इकडं ये, बाटली लावून खरं ॲव्हरेज काढू. आणि एक सांग, एअर फिल्टर शेवटचा कधी बदललास?

वहिनींना नमस्कार. आई अजून बरणी मागते.

तुझा,
पक्या