ते पाकीट खाली ठेवायला लावणाऱ्या काकूंना

बर्लिन, कोजागिरी पौर्णिमा
६ ऑक्टोबर २०२५

ती. काकूंना सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. मागच्या खेपेला "काकू, तुमच्यामुळे मी..." एवढंच म्हणाले, तर "तिकडे दुधी मिळतो का गं अजून?" असं विचारून मोकळ्या झालात. इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

तुम्हाला तो शनिवार आठवत असेल की नाही, माहीत नाही. २८ ऑक्टोबर २०२३. त्या दिवशीही कोजागिरीच होती, वर चंद्रग्रहण. मला बर्लिनला येऊन पुरते चार आठवडेही झाले नव्हते. निघताना आईनं बॅगेत दोन किलो शेंगदाणे आणि सुकामेव्याचे डबे कोंबले होते. मुंबईच्या विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा पुस्तकं ठेवायची की शेंगदाणे, असा प्रश्न आला आणि मी शहाणपणा करून पुस्तकं ठेवली. शेंगदाणे बाबांबरोबर परत साताऱ्याला गेले. त्या पुस्तकांपैकी एकही मी अजून उघडलेलं नाही, हे आईला सांगू नका.

तर हर्मानप्लाट्झजवळच्या सुपरमार्केटमध्ये मी बदामाचं पाकीट हातात धरून आईशी फोनवर बोलत होते. दीडशे ग्रॅम, दोन युरो नव्व्याण्णव सेंट. आईनं तिकडे लगेच रुपये केले, "अगं बाई, दोनशे साठ!" आणि वर ते बदाम खारे. मसाला दुधात खारे बदाम कसे घालायचे यावर आमची चर्चा चालली होती. आई म्हणत होती, धुऊन घे. तेवढ्यात मागून आवाज आला, "ते पाकीट ठेव बघू खाली."

परक्या देशात मागून मराठी ऐकू आलं तर माणूस आधी दचकतो. मी पाकीट खाली ठेवलं ते आज्ञाधारकपणामुळे नव्हे, दचकून. वळून पाहिलं तर जाड कोट, लोकरी टोपी, हातात कापडी पिशवी आणि टोपीखाली टिकली. नाव, गाव, शिक्षण, काही विचारलं नाहीत. पहिला प्रश्न, "महिन्याला किती उरतात?" 

मी खरं ते सांगितलं. त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या पैशांतून, महिन्याला ९३४ युरो सुटत. त्यातून खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा गेला की हातात तीनशेच्या आसपास. त्यात जेवण, फोन आणि थंडीचे बूट. तुम्ही मान हलवलीत. बिचारी वगैरे काही नाही. डॉक्टर जसा ताप ऐकून घेतो, तसं ऐकलंत. त्यासाठी पहिले आभार, काकू. त्या चार आठवड्यांत पैशाविषयी मी कुणाशी इतकं सरळ बोलले नव्हते. आईला तर सगळं छान आहे म्हणूनच सांगत होते.

मग तुम्ही मला ती पट्टी दाखवलीत. फळीच्या कडेला किमतीचा मोठा आकडा असतो आणि त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक. इथल्या दुकानदाराला किलोचा किंवा लिटरचा भाव लिहावाच लागतो, तसा कायदाच आहे. मी महिनाभर मोठा आकडा वाचत होते. त्या बदामांचा किलोचा भाव १९ युरो ९३ सेंट होता. तिथून तुम्ही मला हाताला धरून दोन रांगा पलीकडे नेलंत, जिथे केकचं सामान असतं. मैदा, बेकिंग पावडर, व्हॅनिला साखर आणि अगदी खालच्या फळीवर साधे, बिनमिठाचे, सालासकट बदाम. दोनशे ग्रॅम १ युरो ९९ला. किलोला दहा युरोंच्या आत. म्हणजे निम्मे.

"हे स्वयंपाकाचे बदाम. ते चकण्याचे," तुम्ही म्हणालात. "चकण्याला माणूस हिशेब करत नाही."

त्या खालच्या फळीला जर्मनमध्ये एक शब्द आहे हेही तिथेच सांगितलंत, "ब्युकवार". वाकून घ्यायचा माल. पूर्व जर्मनीच्या काळात हा शब्द काउंटरखाली लपवलेल्या, ओळखीच्या गिऱ्हाइकालाच मिळणाऱ्या दुर्मिळ मालासाठी होता. दुकानदार वाकून काढून द्यायचा म्हणून. आता गिऱ्हाइकानं वाकायचं. नजरेसमोर महाग माल, गुडघ्याशी स्वस्त. तुमची कंबर धरलेली होती, त्यामुळे पुढे तुम्ही इथे असेपर्यंत वाकण्याचं काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सगळी दुकानं बंद. त्यामुळे काजू-पिस्ते त्याच संध्याकाळी घ्यायला हवे होते. तुम्ही मला कॉटबुसर डामवरच्या त्या तुर्की सुकामेव्याच्या दुकानात नेलंत. भट्टीचा वास रस्त्यापर्यंत आला होता. आत शिरताना तुम्ही मालकाला म्हणालात, "कोलाय गेल्सिन." काम करणाऱ्या माणसाला तुर्कीत असं म्हणतात, काम सोपं जावो. त्यानं तुम्हाला "आब्ला" म्हटलं, म्हणजे ताई, आणि न विचारता माझ्या तळहातावर दोन अक्रोड ठेवले.

तिथल्या पाट्या वाचताना माझा महिन्याभराचा शीण गेला. बदामाला बादेम. काजूला काजू. अंजिराला इंजिर. जर्मनचे सोळा अक्षरी शब्द गिळताना घसा सोलवटला होता आणि इथे निम्मं दुकान आमच्या वाण्याच्या यादीतलं. शेंगदाण्याला तर ते लोक जमिनीतला पिस्ता म्हणतात. मी हसले, तर तुम्ही म्हणालात, "आपण भुईमूग म्हणतो तेव्हा हसतेस का?" आणि नारळ! नारळाला तुर्कीत "हिंदिस्तान जेविझी" म्हणतात, हिंदुस्थानचा अक्रोड. ती पाटी मी आईला फोटो काढून पाठवली. आईनं ती अख्ख्या भिशीला पाठवली.

पिस्त्यांकडे मात्र तुम्ही बघू दिलं नाहीत. "अँटेपचे आहेत, उत्तम आहेत, नोकरी लागली की घे." अँटेप म्हणजे तुर्कस्तानातलं पिस्त्यांसाठी नावाजलेलं शहर.

त्या रात्री दूध तुमच्याच घरी आटवलं. केशर तुमच्या डब्यातलं, कारण इथे ते ०.१ ग्रॅमच्या पुडीत विकतात आणि ती पुडी उघडायची हिंमत माझ्यात नव्हती. चारोळीच्या जागी तुम्ही सूर्यफुलाच्या बिया घातल्यात. काकू, तुमच्याविषयी पूर्ण आदर राखून सांगते, ते काही जमलेलं नव्हतं. सव्वादहाच्या सुमाराला खिडकीतून चंद्राची खालची कड काळवंडलेली दिसली. साताऱ्यात तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि आईनं ग्रहणामुळे दूध आधीच आटोपून घेतलं होतं. त्याच रात्री इथली घड्याळं एक तास मागे गेली. सकाळी मला कळेना की मी उशिरा उठले की लवकर.

त्यानंतरचं सगळं लिहीत बसले तर पत्राची पोथी होईल. मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखउफरच्या बाजारात बाजार उठायच्या वेळी जायचं, कारण तेव्हा विक्रेते ओरडून भाव पाडतात. पण पेटीभर टोमॅटो एका युरोला मिळाले म्हणून घ्यायचे नाहीत, एकटीच्यानं संपत नाहीत. शेपूची जुडी तुर्की दुकानात मिळते आणि सुपरमार्केटातल्यापेक्षा तिप्पट मोठी असते. कोथिंबीर घेताना आधी चुरगाळून वास घ्यायचा. हे मी न ऐकता जे आणलं ते पार्सली निघालं आणि तिची वडी केली ती कुणी खाल्ली नाही. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्काच, जरा पातळ. डब्यावर चाळीस टक्के फॅट लिहिलेला घ्यायचा, फडक्यात बांधून रात्रभर टांगायचा, सकाळी श्रीखंड. राजगिऱ्याच्या लाह्या साबण-शांपूच्या दुकानात मिळतात हे मला आजही पटत नाही, पण मिळतात. तुर्की दुकानातली लेबलेबी म्हणजे आपले फुटाणे.

शेंगदाण्यांचं मात्र लिहायलाच हवं. 

कुटाशिवाय मला स्वयंपाक येत नाही, हे तुम्हाला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. इथे शेंगदाणे म्हणजे डब्यातले तळलेले, खारवलेले, नाहीतर डिसेंबरात भाजक्या शेंगा. कच्चे शेंगदाणे सुपरमार्केटात मला कुठेच दिसेनात. भारतीय दुकानात होते, पण तिथे जायला-यायला दीड तास आणि भाव बघून मी मूठभरच घेत असे. मूठभर कुटात भरली वांगी करून बघा कुणी! तेव्हा तुम्ही मला बर्लिनच्या वेडिंग भागात, लेओपोल्डप्लाट्झजवळच्या आफ्रिकी दुकानात नेलंत. दुकान घानाच्या बाईंचं. सुरणासारखे दिसणारे मोठे कंद, भेंडी, लाल पामतेल आणि कोपऱ्यात लाल सालीच्या कच्च्या शेंगदाण्यांची पोती. त्यांनी विचारलं, एवढे काय करणार? तुमचं जर्मन, माझं मोडकं इंग्रजी आणि हाताचे हावभाव, असं मिळून आम्ही त्यांना कूट समजावलं. भाजायचे, साल पाखडायची, जाडसर वाटायचे, भाजीत-कोशिंबिरीत घालायचे. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, आम्ही आणखी बारीक वाटतो आणि त्याचं कोंबडी घालून सूप करतो. मग वजन करून झाल्यावर त्यांनी वरून आणखी एक ओंजळ टाकली, अगदी मंडईतल्या मावशी टाकतात तशी.

पाच किलो आणले आपण. मी म्हटलं, खवट होतील. तुम्ही म्हणालात, फ्रीझर कशाला असतो, बर्फासाठी? पाव-पाव किलोच्या पिशव्या भरल्या, त्यावर तारीख लिहिली. त्या झिपच्या पिशव्या धुऊन, वाळवून पुन्हा वापरायला लावल्यात, त्याचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. अजूनही थोडा येतो. पण धुते.

एका बाबतीत मात्र तुमचं-माझं पटलं नाही आणि आजही पटत नाही. भारतीय दुकानांवर तुमचा राग जरा जास्तच आहे. मसूर, चवळी, छोले, रवा, तीळ तुर्की दुकानात मिळतात, मान्य. पण तूरडाळ, जाड पोहे, हिंग, गोडा मसाला कुठून आणायचा? महिन्यातून एकदा त्या दुकानात जाऊन मी दोन युरो जास्त मोजते आणि तिथल्या अगरबत्तीचा वास घेऊन येते. ते दोन युरो वासाचे आहेत असं समजा.

आणि ती अक्रोडांची दुपार. २०२४चा ऑक्टोबर, तुम्ही परत जाणार हे ठरलेलं होतं. गाडीनं ब्रांडेनबुर्गमध्ये गेलो, रस्त्याकडेला अक्रोडाची झाडं होती. "झाड हलवायचं नाही, पडलेले वेचायचे," हा तुमचा नियम. हिरव्या सालीनं माझे हात असे काळे पडले की आठवडाभर जाईनात. प्रयोगशाळेत सगळे विचारत होते काय झालं, मी सांगितलं मेंदी. तुम्ही त्या दिवशी फारसं बोलत नव्हतात. तीस वर्षांचं घर आवरायला घेतलं होतंत, तेव्हा मीही काही विचारलं नाही. येताना गाडीत ताजा अक्रोड फोडून त्याच्यावरची कडू पातळ साल नखानं सोलून मला देत होतात, एकामागून एक, घर येईपर्यंत.

जाताना तुम्ही मला चौदा काचेच्या बरण्या, मोठा कुकर आणि तो तांब्याचा डाव दिलात. बरण्यांवरच्या तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या मी काढलेल्या नाहीत. त्यामुळे "जिरे" लिहिलेल्या बरणीत मनुका आहेत आणि "साबुदाणा" बरणीत लेबलेबी. माझ्याकडे येणाऱ्या पोरांची पंचाईत होते, पण मला पाठ आहे.

आज इथे ढग आहेत, चंद्र दिसेल असं वाटत नाही. दूध आटत ठेवलंय. सातजणं येतील. बदाम खालच्या फळीवरचे, काजू भट्टीवाल्याचे, पिस्ते अँटेपचे, कारण मागच्या महिन्यात नोकरी लागली. पन्नासच ग्रॅम घेतले. चारोळी नाही आणि सूर्यफुलाच्या बियाही घातलेल्या नाहीत.

काकांना नमस्कार. कंबर सांभाळा.

तुमची,
वाकणारी

ता. क. १ : चिवड्याला डाळ्याऐवजी लेबलेबी घातली तर ती तळायची की नुसती गरम करायची? मागच्या वर्षी तळली तर दाताला खड्यासारखी लागली. दिवाळीच्या आत कळवा.

ता. क. २ : भट्टीवाले तुमची चौकशी करत असतात. त्यांनी तुमच्यासाठी तुर्कस्तानातल्या मालात्याचे जर्दाळू बांधून दिलेत. एक मैत्रीण १५ तारखेला पुण्याला निघतेय, तिच्याबरोबर पाठवते. तिच्याकडे एक किलोची जागा आहे. अर्धा किलो जर्दाळू झाले, उरलेल्यात हेझलनट हवेत की अंजीर?