चार गळ्यांचा वाद्यवृंद

माननीय संपादक महोदय,

‘द मॅनहॅटन ट्रान्सफर’ या अमेरिकी गायकचमूचा ‘व्होकलीज’ हा १९८५ मधील अल्बम श्रोते आजही हौसेने ऐकतात, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. जुन्या जॅझ ध्वनिमुद्रणांतील वाद्यांच्या सुरावटींवर जॉन हेंड्रिक्स यांनी शब्द बसवले आणि दोन स्त्रिया व दोन पुरुष अशा चौघांनी ते, जणू गळ्यातच सॅक्सोफोन असावा अशा सफाईने, गायले. ग्रॅमीची १२ नामांकने मिळाली हे खरे, पण श्रोत्यांचा जीव जडतो तो त्या आकड्यामुळे नव्हे. हेडफोन लावून एकदा केवळ सर्वांत खालचा पुरुषस्वर धरून ऐकावे आणि दुसऱ्या खेपेला मधला स्त्रीस्वर. तेच गाणे निराळे उलगडते, आणि चौघेही एकाच अक्षरावर थांबतात तेव्हा स्वरांमधली अंतरे बोटांनी मोजता येतील इतकी स्पष्ट होतात. शब्द फार भरभर येतात, ही तक्रार रास्त आहे (माझेही पहिल्यांदा निम्मे निसटले). मात्र अशा गायनाला केवळ गुळगुळीत पार्श्वसंगीत म्हणणाऱ्यांनी ते हातातले काम बाजूला ठेवून ऐकलेले नसावे, असे मला वाटते.

आपला,
एक श्रोता