त्या गेमात शिकवाचं काय असते?

पुणे, रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

पोळ्याच्या दिवशी बाबांनी फोनवर विचारलं, "त्या गेमात शिकवाचं काय असते बे? बटनं तं कोनीबी दाबते." मी सांगायला लागलो अन् रेंज गेली. पुन्हा लागला तेव्हा आईनं विषय पुरणपोळीवर नेला. म्हणून लिहून पाठवतो. आई, तूच वाचून दाखव, बाबा काही चष्मा शोधणार नाहीत.

मी शिकवतो त्या टेकन नावाच्या व्हिडिओ गेममध्ये दोघं समोरासमोर लढतात. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं सरकतात, एकेका चित्राला आम्ही फ्रेम म्हणतो. सगळ्यात चपळ ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शात. अन् डोळ्यानं पाहून बोट हलवायला माणसाला जवळपास पाव सेकंद लागतो. ठोसा दिसेपर्यंत तो लागून गेलेला असतो! तरी वरचे खेळाडू अडवतात, कारण तो येणार हे त्यांनी आधीच ताडलेलं असतं. हे शिकवता येतं, यावर माझाच बरेच दिवस विश्वास नव्हता.

माझ्याकडे कोल्हापूरकडचा एक पोरगा आहे, मंगळवारी अन् शुक्रवारी रात्री ऑनलाइन शिकतो. बोटं अशी की मलाच लाज वाटावी. सरावाच्या बाहुल्यावर लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेले वार, एका दमात काढायचा. पण सरावातला बाहुला उलटून मारत नाही. खऱ्या लढतीत हा तीनात तीन हरायचा, अन् मी त्याला आणखी एक कॉम्बो द्यायचो. दोन महिने घालवले असे. चूक माझीच.

मग एका रात्री मला आपला मोती बैल आठवला. बाबा, तुम्ही मला शंकरपटाला, बैलजोड्यांच्या शर्यतीला न्यायचे तेव्हा कासरा कधीच हातात दिला नाही. मी रडायचो. तुम्ही म्हणायचे, "आधी पाय." मोती उधळायच्या आधी डावा कान मागं टाकायचा अन् उजवा खूर जरासा उचलायचा. सुटायचा इशारा व्हायच्या आधीच तुमचा हात सैल झालेला असायचा. ज्या खेळात सेकंदाच्या तुकड्यांवर जोडी जिंकते-हरते, तिथं तुम्ही घड्याळ नाही, कान पाहत होते.

पुढच्या शुक्रवारी मी पोराला म्हणालो, आज मारायचंच नाही. नुसतं अडव, अन् अडवलं की समोरचा पुढं काय करतो ते तोंडानं बोल. पहिल्या लढतीत चिडला, दुसरीत गप्प झाला. तिसरीत म्हणाला, "दादा, याचा मोठा वार अडवला की हा दर वेळी लगेच खाली बसतो!" बसणाऱ्याला उचलून मारणारा एक वार असतो, तो त्याला पहिल्या दिवसापासून येत होता. फक्त कधी टाकायचा ते माहीत नव्हतं.

आता आम्ही झालेली लढत परत लावतो. टेकन ८ मध्ये ती मधेच थांबवून कंट्रोलर स्वतःच्या हातात घेता येतो, चुकला तिथूनच पुन्हा खेळता येतं. पटाला अशी सोय असती तर तुम्ही तळेगाव दशासरला हरलेली ती धाव शंभरदा पळवली असती, माहीत आहे मला.

आई, तुला काळजी की यात पुढं काही आहे का. लाहोरचा टेकन खेळाडू अर्सलान ॲश, २०१९ मध्ये एकाच वर्षी जपानचा अन् अमेरिकेचा इव्हो, म्हणजे अशा लढायच्या गेमांची मोठी स्पर्धा, दोन्ही जिंकला. तो वर आला तो तिथल्या पोरांशी खेळून, अन् आमच्याहून भारी पोरं घरी बसलीत, असं तोच सांगायचा. मी काही अर्सलान नाही, नोकरी सोडत नाही. घाबरू नको.

२०१४ मध्ये पट बंद झाला अन् गोठ्यातून मोती गेला, तेव्हापासून तुम्ही त्याच्याबद्दल बोलला नाहीत. मीही विचारलं नाही, तालुक्याच्या गेम पार्लरात दहा रुपये तासानं टेकनमधला एडी नावाचा लढवय्या घेऊन बटणं कुटत बसलो. पट परत सुरू झाला तरी आपल्याकडं जोडी नव्हती.

कापूस वेचायला दिवाळीत येतोच. त्याआधी, जमलं तर फोनवर एवढं सांगा: मोतीच्या कानाचं तुम्हाला कोणी दाखवलं होतं, आजोबांनी, की तुमचं तुम्हीच पाहिलं?

तुमचा,
बाळू