शेगडी घे, पण आधी जळण बघ

पुणे, २ नोव्हेंबर

प्रिय श्रीनिवास,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत व्हरमाँटमधल्या तुझ्या जुन्या घरात लाकडी पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या लहान कांड्या, जाळणारी शेगडी बसवावी की तळघरातला तेलाचा बॉयलरच आणखी काही वर्षे रेटावा, असा प्रश्न तू विचारला आहेस. आणि विचारला आहेस तो अशा शहरातल्या माणसाला, जिथे हवामान खात्याच्या सिमला ऑफिसच्या दप्तरातला थंडीचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा असून तोही १.७ अंशांवरच थांबतो. आमच्याकडे थंडीचा बंदोबस्त म्हणजे खिडक्या लावायच्या आणि दुलया उन्हात घालायच्या. तरीही तू योग्य माणसाला विचारलेस असे मी म्हणेन, कारण भोसरी आणि चाकणच्या बॉयलर हाउसांत माझी सारी नोकरी लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले आणि त्यांचे दाबून केलेले ब्रिकेट, म्हणजे ठोकळे, ज्यांना आमच्याकडचे भट्टी सांभाळणारे फायरमन 'पांढरा कोळसा' म्हणतात, ते जाळण्यातच गेली. माझे मत आधीच सांगून टाकतो: शेगडी अवश्य घे, तेलाचा बॉयलर मात्र काढू नकोस, आणि शेगडीचे मॉडेल निवडण्यात जितका वेळ घालवशील त्याच्या दुप्पट वेळ पेलेट पारखण्यात घाल.

आपल्या लहानपणची भुशाची शेगडी तुला आठवत असेलच. टिंबर मार्केटातून पोत्याने आणलेला भुसा पत्र्याच्या डब्यात, मधोमध बाटली उभी धरून, ठोकून ठोकून भरायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची, आणि उरलेल्या भोकातून हवा वर खेचली जाऊन ती शेगडी तासन्‌तास एका लयीत जळत राहायची. सुटा भुसा एक तर घुसमटून विझतो किंवा एकदम भडकतो. दाबलेला भुसा शिस्तीने जळतो. पेलेटमागचे तत्त्व हेच आहे, फक्त तिथे दाब यंत्राचा असतो. कोरडा भुसा पोलादी साच्याच्या भोकांतून रेटला की घर्षणाने तापतो, लाकडातले लिग्निन नावाचे बांधून ठेवणारे द्रव्य मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच कांडीला धरून ठेवते, त्यामुळे वेगळा डिंक लागत नाही. सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या या कांड्यांत ओलावा दहा टक्क्यांच्या आत असतो, तर चांगल्या वाळवलेल्या सरपणातही तो वीस टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणजे सरपणाची काही उष्णता स्वतःचेच पाणी उडवण्यात खर्च होते.

यंत्र म्हणशील तर ते आमच्या बॉयलरचेच धाकटे भावंड आहे. वर जळण भरायचा डबा, म्हणजे हॉपर, त्याखाली थोडे थोडे जळण पुढे ढकलणारा स्क्रू, मग वाटीएवढे जळणाचे भांडे, पेटवण्यासाठी विजेची कांडी, धूर बाहेर ओढणारा एक पंखा आणि गरम हवा खोलीत फेकणारा दुसरा. थर्मोस्टॅट सांगेल तसा स्क्रू कमी-जास्त फिरतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत भुशाच्या कांड्यांकडे गांभीर्याने पाहिले गेले आणि १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात या घरगुती शेगड्या आकाराला आल्या. कोणाच्या गॅरेजमधली जुनी शेगडी स्वस्तात मिळते म्हणून मात्र भुलू नकोस. तुमच्या पर्यावरण संस्थेने मे २०२० पासून नव्या शेगड्यांना तासाला दोन ग्रॅम धूलिकणांची मर्यादा घातली आहे, ती पाळणारीच घे.

आता मुख्य मुद्दा. तुमच्याकडे पेलेटच्या पोत्यावर प्रीमियम, स्टँडर्ड किंवा युटिलिटी असा दर्जा छापलेला असतो. प्रीमियममध्ये राख एक टक्क्याच्या आत, स्टँडर्डमध्ये दोन आणि युटिलिटीमध्ये सहा टक्क्यांपर्यंत चालते. युरोपातली ए-१ प्रत याहून कडक, ०.७ टक्क्यांची. हे आकडे कागदावर क्षुल्लक वाटतात, पण तुमच्या सुमारे ९०७ किलोच्या टनामागे एक टक्का म्हणजे सुमारे नऊ किलो राख आणि सहा टक्के म्हणजे चौपन्न किलो. ती उचलण्याचा त्रास एकवेळ सोसता येईल. खरा शत्रू क्लिंकर आहे. सालीत, गवतात आणि शेतातल्या काडीकचऱ्यात पोटॅशियम आणि सिलिका जास्त असते, ती दोन्ही मिळून राखेचा वितळण्याचा बिंदू खाली आणतात, राख वितळून काचेसारखा खडा बनते आणि हवेची भोके बुजवते. आमच्या एका कारखान्यात खरेदी खात्याने स्वस्त म्हणून लाकडी भुशाऐवजी सोयाबीनच्या काडाचे आणि उसाच्या पाचटाचे ब्रिकेट आणले, तेव्हा जाळीवर असा थर जमला की फायरमनला प्रत्येक पाळीत पहार घेऊन तो फोडावा लागे, आणि चिमणीतून काळा धूर निघाला तो वेगळाच. आमच्याकडे निदान पहार चालवायला जागा होती. तुझ्या वाटीएवढ्या भांड्यात सुपारीएवढा खडादेखील आग बिघडवायला पुरतो.

तेव्हा पहिल्या हप्त्यात दोन-तीन कारखान्यांची एकेक पोती आणून जाळून पाहा. राख फिकट, हलकी आणि भुकटीसारखी पडली तर जळण चांगले. पोत्याच्या तळाशी किती चुरा निघतो तेही बघ, कारण चुरा स्क्रूपाशी साचून जळणाचा ओघ अडवतो. पाण्याच्या पेल्यात दोन कांड्या टाक: चांगली घट्ट कांडी बुडते आणि थोड्याच वेळात फुगून तिचा पुन्हा भुसा होतो. पोती ओलीच्या जागी ठेवली तर सगळ्या साठ्याचे हेच होणार, म्हणून ती तळघराच्या सिमेंटवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचायला सांग. दुकानदार कठीण लाकडाच्या पेलेटची थोरवी सांगेल. पण वजनास वजन पाहिले तर देवदारवर्गीय मऊ लाकूड, त्यातल्या राळेमुळे आणि जास्त लिग्निनमुळे, किंचित अधिकच उष्णता देते.

हिशेब सोपा आहे. चाळीस पौंडांची पन्नास पोती म्हणजे तुमचा एक टन, आणि त्यातली उष्णता ढोबळमानाने १२० गॅलन तेलाएवढी. गॅलनच्या भावाला १२० ने गुण. पेलेटचा टन त्या रकमेपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त पडला तरच शेगडीची किंमत कधीतरी वसूल होईल. तेल तीन डॉलर असेल तर ही सीमा ३६० डॉलर. साठा उन्हाळ्यात भर, बर्फ पडायला लागल्यावर भाव आणि टंचाई दोन्ही वाढतात.

विजेबाबत तू काहीच लिहिले नाहीस, याचे मला नवल वाटले. ही शेगडी विजेवाचून चालतच नाही. आपण महाराष्ट्रातले, भारनियमन कोळून प्यायलेले लोक. तुमच्या हिमवादळात तारा तुटतात तेव्हा परिस्थिती तीच, फक्त बाहेर उणे वीस. पेटवणारी कांडी काही मिनिटे तीनशे-चारशे वॅट ओढते, पुढे पंखे आणि स्क्रू मिळून साधारण शंभरात भागते, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर पुरेल. पण तो शुद्ध साइन वेव्हचाच घे, चौकोनी लहरीवर मोटारी गुणगुणतात आणि तापतात. वीज अचानक गेली की ओढणारा पंखा थांबतो आणि भांड्यातले उरलेले जळण धुमसत राहून धूर खोलीत येऊ शकतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच मजल्यावर आणि झोपायच्या खोलीबाहेरही हवा.

तेलाचा बॉयलर का ठेवायचा, तर शेगडी बसलेली खोली ऊबदार करते, घर नव्हे. बैठकीच्या खोलीतला बॉयलरचा थर्मोस्टॅट समाधानी राहतो, बॉयलर सुरूच होत नाही आणि तळघरातल्या पाण्याच्या नळ्या गोठून फुटतात. म्हणून तळघरातला बॉयलर कमी तापमानावर का होईना, पण चालू राहील अशी व्यवस्था कर.

धुराडे बसवण्याचे काम स्वतः करायला जाऊ नकोस. पेलेटसाठीची खास दुहेरी नळी आणि बाहेरची हवा आत घेणारी जोडणी जाणकाराकडूनच करून घे. राख काढशील ती झाकणाच्या लोखंडी बादलीत आणि बादली घराबाहेर, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दिवसभर जिवंत राहू शकतो. बागेत टाकायला ती उत्तम.

खोलीची लांबी-रुंदी, छताची उंची आणि भिंतींत इन्सुलेशन आहे की नाही हे कळव, म्हणजे किती क्षमतेची शेगडी लागेल ते काढून देतो. गरजेपेक्षा मोठी घेतली तर ती मंद आचेवर कुथत राहील आणि काच काळी करील. आणखी एक, हॉपरचे तोंड किती उंचावर आहे ते दुकानात स्वतः उभे राहून पाहा. पोते अठरा किलोचे आहे आणि तुझ्या कमरेचा इतिहास मला ठाऊक आहे, तेव्हा ते जमिनीवरच फोडून लहान बादलीने ओतत जा. सुनंदा वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मधुकर