सुशोभीकरणाआधी भराव, सांडवा आणि झडप पाहा

संपादक महाशय,

उन्हाळा लागला की तळ्यांच्या सुशोभीकरणाच्या निविदा निघू लागतात. सातारा असो की सांगली-मिरज, कामांची यादी ठरलेली: बांधावर पेव्हर ब्लॉक, दुतर्फा झाडे, विजेचे खांब, बोटींसाठी जेटी, सेल्फी पॉइंट. ज्या मातीच्या भरावामुळे पाणी अडले आहे, त्याच्यासाठी या यादीत एक ओळही नसते. उलट यातली निम्मी कामे भरावाच्या मुळावर येणारी असतात.

पेव्हर ब्लॉकचेच घ्या. बांधाच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने पडलेली भेग म्हणजे एखादी बाजू सरकू लागल्याची पहिली खूण. ब्लॉकखाली ती दिसतच नाही. खांबांसाठी आणि केबलसाठी चर खणायचा नि सैल मातीने बुजवायचा, म्हणजे पावसाच्या पाण्याला आत जायला वाट करून द्यायची. मागच्या, म्हणजे पाण्याच्या उलट बाजूच्या उतारावर लॉन लावून रोज फवारे सोडले, तर ओल पाझराची की फवाऱ्याची, हे कोणीच सांगू शकणार नाही. माथ्यावर मुरूम दाबून बसवावा आणि त्याला तलावाच्या बाजूला दोन-तीन टक्के उतार द्यावा. मागच्या उतारावर साधी हरळी पुरते, फक्त ती कापलेली हवी.

झाडांबद्दल थोडे सविस्तर, कारण इथेच सर्वांत जास्त चुका होतात. भरावावर सुबाभूळ, बाभूळ, पिंपळ नकोच. पण मोठे झालेले झाड नुसते बुंध्यात कापले की काम झाले, असेही नाही. मुळे जमिनीत कुजतात, काही वर्षांनी तिथे पोकळ नळ्या तयार होतात आणि पाणी नेमके त्यांतून वाट काढते. म्हणून पाणी उतरलेले असताना बुंधा आणि बोटाहून जाड मुळे खणून काढावीत. खड्ड्याच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांनी कापाव्यात, भरावाच्याच जातीची माती किंचित ओलावून 15 सें.मी.च्या थरांत रॅमरने (माती ठोकायच्या धुमसाने) ठोकावी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण तळहात चिखलाने माखू नये, इतकाच ओलावा हवा. घुशी-खेकड्यांच्या बिळांनाही हाच न्याय. बीळ खोल असेल तर नऊ भाग माती आणि एक भाग सिमेंट यांचा पातळ काला वरून ओतावा. 2019 च्या जुलैत तिवरे धरण फुटल्यावर ते खेकड्यांनी फोडल्याच्या मंत्र्यांच्या विधानाची भरपूर थट्टा झाली. एकटा खेकडा धरण फोडत नाही हे खरेच, पण बिळांकडे दुर्लक्ष करायला तेवढे कारण पुरेसे नाही.

आता सांडवा, म्हणजे तळे भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट. घाटमाथ्यावर एका दिवसात 200 मि.मी. पाऊस ही नवलाई नाही. एक चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तेवढा पाऊस पडला, तर 20 कोटी लिटर पाणी होते. जमिनीत थोडे मुरले, तरी बाकीचे सांडव्यावरूनच जायचे असते. आणि सांडव्यावर काय असते? मासे वाहून जाऊ नयेत म्हणून ठेकेदाराने लावलेली जाळी, तिला अडकलेली जलपर्णी नि प्लास्टिक, शिवाय बोटिंगला वीतभर पाणी जास्त मिळावे म्हणून रचलेल्या वाळूच्या गोण्या. ही वीतभर वाढ माथ्यापर्यंतच्या मोकळ्या उंचीतून वजा होते. पाणी मातीच्या माथ्यावरून वाहू लागले की मागचा उतार काही तासांत कापला जातो. जलपर्णी अडवायची तर सांडव्याच्या बरीच अलीकडे, पाण्यावर तरंगणारा दोर-पिंपांचा अडसर लावावा. सांडव्याच्या तोंडावर जाळी कदापि नको. सांडव्यापुढच्या नाल्यातल्या टपऱ्याही मेअखेर हलायला हव्यात.

विमोचकाची, म्हणजे तळ्यातले पाणी भरावाखालून बाहेर सोडणाऱ्या पाइपची झडप हा सर्वांत विसरलेला भाग. स्क्रूचा दांडा गंजून बसला की तळे रिकामे करण्याचा मार्गच बंद होतो. वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरात, झडप पूर्ण उघडून बंद करावी आणि दांड्याला ग्रीस द्यावे. काही तळ्यांत झडप पाइपच्या बाहेरच्या टोकाला असते. तशा ठिकाणी भरावातला सगळा पाइप कायम दाबाखाली राहतो आणि सांधा फुटला की पाणी थेट मातीत शिरते. झडप पाण्याच्या बाजूला घ्यावी. जुन्या पाइपमध्ये एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) पाइप सरकवून मधली पोकळी सिमेंटच्या ग्राउटने (पातळ काल्याने) भरावी. पानशेत 1961 साली फुटले, तेव्हाही दुखणे विमोचकाच्या अर्धवट कामाशीच निगडित होते.

दुरुस्तीसाठी तळे उतरवताना घाई नको. दिवसाला 30 सें.मी.पेक्षा जास्त पाणी उतरवले तर आतला भिजलेला उतार घसरतो. आतल्या उतारावरच्या दगडी पिचिंगच्या (दगडांच्या अस्तराच्या) सांध्यांत सिमेंट भरू नये, कारण मागे कोंडलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट लागते. दगड ढासळतात ते बहुधा त्यांच्याखाली 15 सें.मी. खडीचा थर नसल्यामुळे.

गाळ काढताना पोकलेन भरावाच्या पायथ्याशी नेऊ नये. तिथला गाळ पाण्याची झिरप अडवणारे अस्तर असतो. भरावाच्या उंचीच्या दहापट अंतर सोडावे, म्हणजे सहा मीटर उंचीला 60 मीटर.

पाझर दिसला की लोक घाबरतात. मातीच्या धरणाला थोडा पाझर असायचाच. स्वच्छ आणि स्थिर असेल तर काळजी नाही. गढूळ झाला, किंवा पातळी तीच असताना वाढला, तर धोका. पायथ्याच्या चरात 90 अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे पाणी मोजायची व्ही आकाराच्या खाचेची पाटी बसवावी. खाचेच्या तळापासून 5 सें.मी. पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर, 10 सें.मी. म्हणजे जवळजवळ साडेचार लिटर. आठवड्याला एकदा हा आकडा आणि त्याच दिवशीची तळ्याची पातळी वहीत लिहावी. पायथ्याशी वाळू उसळवत उमाळा निघाला तर त्यावर माती किंवा काँक्रीट दाबून तो बंद करू नये. पाणी दुसरीकडून फुटते. भोवती गोण्यांचे कडे करून आधी वाळू, मग बारीक खडी, मग जाड खडी टाकावी. पाणी येत राहू द्यावे, माती अडवावी. त्याच वेळी तळ्याची पातळी हळूहळू कमी करावी आणि खालच्या वस्तीला कळवावे.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटरमधल्या ठरावीक धरणांना लागू आहे. बोटिंगची बहुतेक तळी याहून बुटकी, म्हणजे त्यांची जबाबदारी मालक असलेल्या नगरपालिकेवर किंवा ग्रामपंचायतीवर येते. त्यांनी यंदाच्या निविदेत झडप, सांडवा आणि मागचा उतार ही तीन कामे पहिल्या तीन बाबी म्हणून घालावीत. बोटिंगच्या तिकिटातला ठरावीक हिस्सा दरवर्षी भरावाच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा. आणि पाझराची वही तिकीट खिडकीशेजारी, कोणालाही पाहता येईल अशी टांगावी.

– जलसंधारण क्षेत्रातील काही निवृत्त अभियंते, सातारा