पहिलीची वही आणि पहिलीचं शिकणं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडेच एका पालकांचं पत्र वाचलं. शाळा सुरू होऊन काही महिने झाले, तरी पहिलीतल्या मुलाच्या वहीची निम्मी पानं कोरी आहेत. मग मूल दिवसभर शिकतं तरी काय, असं त्यांनी विचारलं आहे. माझी नोकरी बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गांवर झाली. त्यांच्या मनातली काळजी खरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरी मूल शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतं आणि सगळ्यांना वाटतं, याला मोजता येतं. त्याच्यापुढे सात खडे ठेवून बघा. तोंड बोटाच्या पुढे धावतं, एक खडा दोनदा मोजला जातो, एक राहून जातो. मोजून झाल्यावर ‘मग किती?’ विचारलं, की बरीच मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच सगळ्या खड्यांची संख्या, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीमागची ही तत्त्वं मांडली: एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम ठरलेला, आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या. त्याच्याही आधी बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवलं होतं, की दोन ओळींत सारख्याच वस्तू मांडल्या आणि एक ओळ पसरून लांब केली, तर लहान मुलं त्या ओळीत वस्तू जास्त आहेत असं सांगतात. हा समज साधारण सहाव्या-सातव्या वर्षी सुटतो, म्हणजे नेमका पहिलीच्या सुमाराला. तो सुटतो हातात वस्तू घेऊन, मांडून, मोडून, पुन्हा मांडून. वहीत त्याची खूण राहत नाही.

मराठीत आणखी एक अडचण येते. ‘तेवीस’ ऐकताना आधी तीन कानावर पडतात, लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे. म्हणून मूल ३२ लिहून मोकळं होतं. ‘एकोणतीस’ ऐकलं की तीसच ऐकू येतात आणि २९ लिहायचे असतात. जर्मन मुलांनाही अशाच उलट्या क्रमाला तोंड द्यावं लागतं. यावर अंक पन्नास वेळा गिरवून घेणं हा उपाय नव्हे. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायला द्या; दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर दिसल्या, की २३ मधला दोन कशाचा आणि तीन कशाचा हे मूल स्वतः सांगतं.

वाचनाबद्दल तर फारच गैरसमज आहेत. अनेक मुलं चित्र बघून धड्याचं अख्खं पान म्हणतात. ते पाठांतर असतं. तेच शब्द जागा बदलून फळ्यावर लिहिले, की मूल गप्प होतं. वाचायला लागण्याआधी त्याला बोलण्यातले आवाज सुटे करता यावे लागतात: ‘मासा’मधला पहिला आवाज कोणता, ‘घर’ आणि ‘घडी’ यांत सारखं काय, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं. हे सगळं तोंडी, टाळ्या वाजवत चालतं आणि बाहेरून बघणाऱ्याला खेळ वाटतो. पुढे अक्षरं आली की काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खाली. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी लिहायची आणि तिचा उच्चार नंतर करायचा! ‘दिवा’ वाचताना जे मूल वेलांटीपाशी अडखळतं, ते मंद नाही. आपण सवयीने विसरलेली गुंतागुंत ते पहिल्यांदा सोडवत असतं.

आणि गोष्टी ऐकणं हाही अभ्यासच आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र मला फार मोलाचं वाटतं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. ज्या वर्गात गोष्टी, गप्पा, प्रश्न नाहीत, तिथली मुलं ओळ खडखडीत वाचतात आणि अर्थ विचारला की तोंडाकडे बघत राहतात.

लेखनाची घाई मला सर्वांत क्लेशदायक वाटते. मनगटातली आठ छोटी हाडं जन्माच्या वेळी कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीक असतात आणि सहाव्या वर्षीही ती सगळी पक्की झालेली नसतात. त्या हाताकडून आपण पानंच्या पानं भरून घेतो. ३ आणि ६ उलटे लिहिणं या वयात सर्रास आढळतं. डावीकडून बघा की उजवीकडून, वस्तू तीच, हे मेंदू आधीपासून जाणतो. अक्षरांपुरती ती सवय त्याला मोडावी लागते, असं मेंदूचे अभ्यासक स्टानिस्लास दहान यांनी सविस्तर मांडलं आहे. त्यासाठी मुलाला रागावू नका. माती मळणं, कागद फाडणं-चिकटवणं, मणी ओवणं यांनी बोटं तयार होतात.

बाकी आपली पाळी येईपर्यंत थांबणं, दोन सूचना लक्षात ठेवून तसं करणं, घरच्यांशिवाय काही तास राहणं हेही याच वर्षी जमू लागतं. काम करताना पुटपुटणाऱ्या मुलाला मात्र कृपा करून गप्प करू नका. मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी दाखवून दिलं, की मूल स्वतःशी बोलून स्वतःला वाट दाखवतं आणि पुढे हेच बोलणं मनातल्या मनात होऊ लागतं.

शेजारच्या मुलाशी तुलना करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की एकाच वर्गातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. सहा वर्षांच्या आयुष्यात ते फार असतं. फिनलंडमध्ये तर पहिली सुरू होते तीच सातव्या वर्षी.

काळजी करायची ती कुठे, हेही सांगते. मूल फळ्याकडे बघताना डोळे बारीक करत असेल, हाक मारल्यावर वारंवार प्रतिसाद देत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. वर्ष संपत आलं तरी अक्षर आणि आवाज यांची जोडी अजिबात जमत नसेल, तर शिक्षकांशी बोला, थांबू नका.

शाळांना माझी विनंती आहे, की पालकसभेत वह्यांचे गठ्ठे मांडण्याऐवजी पालकांना तासभर वर्गात बसू द्यावं. आणि त्या पालकांना सांगावंसं वाटतं, की संध्याकाळी ‘आज किती लिहिलंस?’ विचारण्याऐवजी मुलाकडून आज ऐकलेली गोष्ट त्याच्या शब्दांत ऐका. मधेच अडवू नका, चुका दुरुस्त करू नका. ते कुठे रमतं, कोणता शब्द नव्याने वापरतं, क्रम कसा लावतं, हे ऐकलंत तर चार महिन्यांत ते काय शिकलं ते तुम्हालाच कळेल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका